ज्यूद्वेषाची कारणं समाजशास्त्र कुठे शोधतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यूद्वेषाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर हिटलर आणि छळछावण्या येतात आणि चर्चा बहुतेक वेळा तिथेच थांबते. पण साठ लाख माणसांची हत्या एका माणसाच्या डोक्यातल्या विकृतीने होत नाही. तिला कारकून लागतात, रेल्वेचे अधिकारी लागतात, गप्प बसणारे शेजारी लागतात आणि शतकानुशतकं कानावर पडत आलेल्या गोष्टी लागतात. समाजशास्त्र या सगळ्याकडे पाहतं. खालचे प्रश्न विद्यार्थी आणि वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. अभ्यासकांचं जिथे एकमत नाही, तिथे मला कोणाचं म्हणणं पटतं तेही सांगितलं आहे.

ज्यूद्वेष इतर वंशद्वेषांहून वेगळा कसा?

बहुतेक द्वेष वरून खाली पाहतात. समोरचा आळशी आहे, घाणेरडा आहे, त्याला अक्कल नाही, असं म्हणतात. ज्यूंबद्दल हे सगळं म्हटलं गेलंच, पण त्याच्या जोडीला अगदी उलटही म्हटलं गेलं: ते फार हुशार आहेत, पडद्याआडून जग चालवतात, बँका त्यांच्या आणि क्रांतीही त्यांचीच. ते आपल्यात मिसळत नाहीत म्हणून राग, आणि मिसळले तर आता ओळखूच येत नाहीत म्हणून जास्त राग. आरोप एकमेकांना छेद देतात, तरी ते मानणाऱ्याचं काही अडत नाही.

म्हणूनच समाजशास्त्रज्ञ हेलन फाइन यांनी १९८७ मध्ये ज्यूद्वेषाची व्याख्या करताना एकेका माणसाच्या मतावर भर दिला नाही. त्यांनी त्याला समाजात टिकून राहिलेली, एरवी सुप्त असलेली शत्रुत्वाच्या समजुतींची रचना म्हटलं. ती कधी दंतकथेतून दिसते, कधी कायद्यातून, कधी बहिष्कारातून, तर कधी दंगलीतून.

आधी धार्मिक द्वेष होता आणि पुढे तो वांशिक झाला, असं शिकवतात. ते बरोबर आहे का?

ढोबळमानाने बरोबर आहे. मध्ययुगातल्या ज्यूला बाप्तिस्मा घेऊन निदान कागदोपत्री सुटका होती. १८७९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मार याने ज्यूविरोधी संघटना काढली, तोवर भाषा रक्ताची आणि वंशाची झाली होती आणि धर्म बदलून उपयोग उरला नव्हता. पण ही रेघ फार ठळक ओढू नये. स्पेनमधल्या टोलेडोत १४४९ मध्येच ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या वंशजांना सरकारी पदांवरून दूर ठेवणारा ‘रक्तशुद्धी’चा नियम झाला होता. ज्यूंनी धर्म बदलला, म्हणजे द्वेष्ट्यांची जी मागणी होती ती पुरी केली, आणि तरी द्वेष थांबला नाही.

काहीतरी असल्याशिवाय लोक इतकी शतकं का बोलतील?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बरेचदा प्रामाणिकपणे विचारला जातो. त्याचं उत्तर इतिहासात सरळ मिळतं. इंग्लंडने १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे परतता आलं नाही. मधल्या साडेतीनशे वर्षांत बहुतेक इंग्रजांनी जन्मात ज्यू पाहिला नसेल. तरीही प्रवचनांत, लोकगीतांत आणि रंगभूमीवर कपटी ज्यू जिवंत राहिला.

विसाव्या शतकातलं उदाहरण पोलंडचं आहे. युद्धापूर्वी तिथे तीस लाखांहून अधिक ज्यू होते आणि त्यातले बहुतेक मारले गेले. १९६८ पर्यंत जेमतेम पंचवीस-तीस हजार उरले होते. तरी त्या वर्षी मार्चमध्ये विद्यार्थ्यांची निदर्शनं झाली तेव्हा कम्युनिस्ट सरकारने ‘झायनिस्टां’विरुद्ध (म्हणजे ज्यू राष्ट्राच्या समर्थकांविरुद्ध) मोहीम उघडली, लोकांच्या नोकऱ्या घालवल्या आणि हजारोंना देश सोडायला लावला. पत्रकार पॉल लेंडवाई यांनी याला ‘ज्यूंशिवायचा ज्यूद्वेष’ म्हटलं. ज्यूंच्या वागण्यातून द्वेष उपजत असता, तर ज्यू नसलेल्या ठिकाणी तो टिकला नसता. त्यामुळे कारण शोधायचं ते द्वेष करणाऱ्या समाजात, आणि समाजशास्त्रातले जवळपास सगळे गंभीर सिद्धांत इथूनच सुरू होतात.

पण ज्यू सावकारी करत होते, हे तर खरं ना?

काही करत होते, बहुसंख्य करत नव्हते. इटलीतले लोंबार्ड ख्रिस्ती असूनही सावकारी करतच होते. जे ज्यू करत होते ते त्या धंद्यात का आले, हे विचारायला हवं. बऱ्याच ठिकाणी त्यांना जमीन धरता येत नव्हती. कारागिरांच्या संघात ख्रिस्ती शपथ लागे, त्यामुळे तेही दार बंद. चर्चने ख्रिश्चनांना व्याज घेण्याची मनाई केली होती, पण कर्जाची गरज राजापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांनाच होती. राजे ज्यूंना ‘आपले’ म्हणून संरक्षण देत आणि मग भरमसाट कर लावून व्याजाचा मोठा वाटा खजिन्यात ओढत. शेतकऱ्याला राजा दिसत नसे, दारात आलेला ज्यू तेवढा दिसे. पोलंड-लिथुआनियात हेच वेगळ्या रूपात घडलं. तिथले जमीनदार गिरण्या, दारूची दुकानं आणि वसुली ज्यूंना ठेक्याने देत, आणि १६४८ मध्ये कोसॅक सरदार खमेलनित्स्कीचं बंड उसळलं तेव्हा कत्तल झाली ती जमीनदारांइतकीच या ठेकेदारांची आणि त्यांच्या सगळ्या जमातीची.

समाजशास्त्रज्ञ एड्ना बोनासिच यांनी १९७३ मध्ये यावरून ‘मध्यस्थ अल्पसंख्याकां’चा सिद्धांत मांडला. वरचा सत्ताधारी वर्ग आणि खालची जनता यांच्या मधोमध एखादी बाहेरून आलेली जमात व्यापार आणि पतपुरवठा करते, वरच्यांना ती सोयीची असते आणि खालच्यांचा राग तिच्यावर निघतो. आग्नेय आशियातले चिनी आणि पूर्व आफ्रिकेतले भारतीय हीसुद्धा तिची उदाहरणं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती जसे होते तसे गोवेकरही होते.

महाराष्ट्राला हा सिद्धांत परका वाटू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, कर्जरोखे जाळले गेले, पण माणसांवर हात उगारल्याचे प्रकार थोडे होते. १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. रागाचं कारण पैशाचं होतं आणि तो कागदावर निघाला. सावकार लहान मुलांचं रक्त पितो, विहिरीत विष टाकतो, असं सुप्याच्या शेतकऱ्याने कधी म्हटलं नाही. ज्यूंबद्दल मात्र इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये १२ व्या शतकातच अशा कथांची सुरुवात झाली. एक पोरगा मेलेला सापडला आणि ज्यूंनी त्याचा धार्मिक विधीत बळी दिल्याची कथा मठातल्या एका भिक्षूने रचली. आर्थिक सिद्धांताने राग समजतो, ही कथा समजत नाही. त्याची मर्यादा मला इथे दिसते.

संकटकाळी समाज बळीचा बकरा शोधतो, हे स्पष्टीकरण पुरेसं नाही का?

त्याची सर्वांत चांगली मांडणी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी केली. ते रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे, पुत्र. १८९४ मध्ये आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि फ्रान्स दुभंगला. दुर्खीम ड्रेफसच्या बाजूने उभे राहिले. १८९९ मध्ये त्यांनी एका प्रश्नावलीला दिलेलं उत्तर छोटंसं आहे, पण आजही वाचावं असं. समाज दुखण्यात असला की दुःखाचं खापर फोडायला त्याला कोणीतरी लागतं, असं ते म्हणतात. त्यासाठी आधीच ज्यांच्याबद्दल मन कलुषित आहे ते आपोआप निवडले जातात. ड्रेफसला शिक्षा झाली तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांवर आनंद उसळला होता, हे दुर्खीम यांनी नोंदवलं. जो सार्वजनिक शोकाचा विषय असायला हवा होता तो विजयासारखा साजरा झाला, कारण आर्थिक हलाखी आणि नैतिक बेचैनी कोणाच्या माथी मारायची ते लोकांना एकदाचं कळलं होतं.

मात्र दुर्खीम यांनी फ्रान्समधला ज्यूद्वेष तात्पुरता मानला, रशिया आणि जर्मनीतला जुनाट. १९४० मध्ये जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्समधल्या पेताँच्या सरकारने जर्मनांच्या सांगण्याची वाट न पाहता ज्यूविरोधी कायदा केला. तेव्हा फ्रान्सच्या बाबतीत दुर्खीम फार आशावादी होते असं म्हणावं लागतं.

ठीक, पण बळीचा बकरा ज्यूच का?

विचारवंत हाना आरेंट यांनी १९५१ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. बळीचा बकरा कोणीही असू शकतो असं म्हटलं, तर निवड योगायोगाची ठरते, आणि दोन हजार वर्षं एकच योगायोग होत नाही. मला वाटतं सगळ्या चर्चेचा कस या प्रश्नावर लागतो. म्हणून एक घटना जवळून पाहू.

१३४८-४९ मध्ये युरोपात प्लेग पसरत होता आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा त्याच्याही पुढे धावत होती. पोप क्लेमेंट सहावे यांनी फर्मान काढून सांगितलं की ज्यूही प्लेगने मरत आहेत, तेव्हा आरोपात तथ्य नाही. स्ट्रासबर्गच्या नगरमंडळानेही ज्यूंना हात लावू द्यायला नकार दिला. मग कारागिरांच्या संघांनी ते मंडळच उलथवलं. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, शनिवारी, ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेऊन लाकडी चौथऱ्यावर जाळलं. बाप्तिस्मा घ्यायला तयार झालेल्यांना वगळलं. मृतांचा आकडा काही बखरींत दोन हजार आहे. नंतर गहाण वस्तू परत दिल्या गेल्या, कर्जं रद्द झाली आणि ज्यूंची रोकड कारागिरांत वाटली. पैसा हेच ज्यूंना मारणारं विष होतं, असं तिथल्याच बखरीत लिहिलं आहे. आणि प्लेग? तो तोवर स्ट्रासबर्गला पोहोचलाच नव्हता.

या एका घटनेत तीन गोष्टी एकत्र दिसतात. ज्यू दुष्ट असल्याची प्रतिमा धर्मपीठांवरून आधीच घराघरांत पोहोचली होती. येऊ घातलेल्या संकटाची भीती होती. आणि मंडळ उलथवून सत्ता व पैसा मिळवू पाहणारे लोक होते. यातली एक गोष्ट काढली तर स्ट्रासबर्ग घडत नाही. एकाच कारणाला चिकटून बसणारे सिद्धांत म्हणूनच मला अपुरे वाटतात.

ही जुनी प्रतिमा किती टिकते याचा एक चकित करणारा पुरावा निको फोइक्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोथ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दिला. जर्मनीतल्या ज्या गावांत १३४९ च्या सुमारास ज्यूंची कत्तल झाली होती, तिथे सहाशे वर्षांनी ज्यूंवर हल्ले होण्याची आणि १९२८ मध्ये नाझींना जास्त मतं पडण्याची शक्यता अधिक होती. दूरच्या व्यापारावर जगणाऱ्या हान्सा शहरांत मात्र हा धागा तुटलेला दिसतो. बाहेरच्यांशी रोजचा व्यवहार असलेल्या शहरात जुना द्वेष पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरत नाही.

काही माणसं मुळात द्वेष करणारीच असतात का?

थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हेच तपासलं. ‘हुकूमशाही व्यक्तिमत्त्व’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा अभ्यास १९५० मध्ये आला. कडक शिस्तीत आणि धाकात वाढलेलं मूल वरच्यांपुढे वाकतं आणि खालच्यांवर राग काढतं, असं त्यांचं सूत्र होतं. त्यावर टीका भरपूर झाली. सगळी विधानं एकाच दिशेने लिहिलेली असल्यामुळे ‘हो’ म्हणायची सवय असलेला माणूसही हुकूमशाही वृत्तीचा ठरत होता, ही टीका रास्त आहे. त्या अभ्यासातून टिकलेली गोष्ट म्हणजे, ज्यूंबद्दल पूर्वग्रह असलेल्या माणसाला बहुधा इतर गटांबद्दलही तो असतो. पण सत्तर वर्षांपूर्वी शांत असलेलं गाव आज का पेटलं, ते स्वभावावरून सांगता येत नाही.

जर्मन लोकांनी ज्यूद्वेषामुळे हिटलरला मतं दिली ना?

चित्र इतकं सरळ नाही. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. नाझींना १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर गेली. मधल्या चार वर्षांत ज्यूंबद्दलचं मत बदललं नव्हतं, बेकारी वाढली होती. कोलंबिया विद्यापीठातले थिओडोर एबल यांनी १९३४ मध्ये जुन्या नाझी सदस्यांकडून आत्मवृत्तं लिहून घेतली आणि निम्म्याहून अधिक जणांच्या लिखाणात ज्यूद्वेष जाणवत नव्हता. नॉर्टहाइम या छोट्या गावाचा अभ्यास करणाऱ्या विल्यम शेरिडन ॲलन यांनी म्हटलं की लोक ज्यूद्वेषाकडे ओढले गेले ते नाझी पक्षाकडे ओढले गेल्यामुळे, उलट नव्हे.

मला यात जास्त भीतिदायक वाटतं ते असं, की या मतदारांना ज्यूंचा द्वेष करावा लागलाच नाही. ज्यूंचं काय होईल याची पर्वा नसणं पुरेसं होतं. इतिहासकार शुलामित फोल्कोव यांनी दाखवून दिलं की १९ व्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीत ज्यूद्वेष ही एका गोटाची ओळख झाली होती: लोकशाही नको, समाजवाद नको, स्त्रियांना हक्क नकोत, आणि ज्यू नकोत. माणूस त्या गोटात गेला की सगळं एकत्रच स्वीकारत असे.

झिग्मुंट बाऊमन आधुनिकतेला दोष का देतात?

समाजशास्त्रज्ञ बाऊमन पोलंडमधल्या वॉर्सा विद्यापीठात होते आणि १९६८ च्या मोहिमेत त्यांची नोकरी गेली. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यूंचा संहार रानटीपणाकडे परत जाणं नव्हतं. तो कार्यालयांनी, वेळापत्रकांनी आणि तज्ज्ञांनी पार पाडला. आधुनिक राज्य समाजाकडे बागेसारखं पाहतं आणि तण ठरवून उपटतं, असं ते म्हणतात. मांडणी प्रभावी आहे. पण नाझींच्या ताब्यातल्या पूर्व युरोपात लाखो ज्यू गावाबाहेरच्या खड्ड्यांपाशी समोरासमोर गोळ्या घालून मारले गेले, कित्येक ठिकाणी स्थानिकांच्या मदतीने. त्या हत्येत नोकरशाही होतीच, पण शेजाऱ्यांचा जुना द्वेष आणि लूटही होती. बाऊमन यांचं पुस्तक वाचताना हा भाग हातातून निसटतो.

डाव्या विचारांत ज्यूद्वेष असू शकतो का?

हो. मोइश पोस्टोन स्वतः मार्क्सवादी, आणि त्यांनीच याचं सर्वांत टोकदार विश्लेषण केलं. भांडवलशाहीत माणसाला छळणाऱ्या शक्ती अमूर्त असतात: बाजार, व्याजदर, चलन. त्यांना चेहरा नसतो. मग कारखाना चांगला आणि बँक वाईट, मेहनतीचा पैसा स्वच्छ आणि व्याजाचा घाणेरडा, अशी फाळणी होते आणि अमूर्त बाजूला ज्यूचा चेहरा चिकटवला जातो. असा माणूस आपण अन्यायाविरुद्ध लढतो आहोत असं मनापासून मानतो.

हे सिद्धांत मांडणारे बरेच जण स्वतः ज्यू कुटुंबांतले. मग ते निःपक्षपाती कसे?

दलितांनी जातीबद्दल लिहिलं तर हाच प्रश्न येतो. गेओर्ग सिमेल यांनी १९०८ मध्ये ‘परका’ या विषयावर प्रसिद्ध टिपण लिहिलं: आज येऊन उद्या जाणारा नव्हे, तर आज येऊन उद्या राहणारा. त्याच वर्षी हायडेलबर्गची प्राध्यापकी त्यांना नाकारली गेली, आणि शिफारस मागितलेल्या एका इतिहासकाराने पत्रात त्यांच्या ज्यू असण्यावरच बोट ठेवलं होतं. सिमेल यांचे आईवडील ख्रिस्ती झालेले होते, त्यांचाही बाप्तिस्मा झाला होता. त्या अनुभवाने त्यांची नजर तयार झाली. तिच्यातून निघालेला सिद्धांत पुराव्यावर टिकतो का, ते मात्र पुराव्यावरच तपासावं.

कोकणात ज्यू शेकडो वर्षं राहिले. आपल्याकडे ज्यूद्वेष का झाला नाही?

सिद्धांत तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. बेने इस्रायली मंडळींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. ते तेल गाळत, शेती करत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. दिवेकर, पेणकर, राजपूरकर ही आडनावं, बोली मराठी. १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं.

आपण सहिष्णू म्हणून हे झालं, असं उत्तर चटकन दिलं जातं. ज्या गावांत अस्पृश्यता पाळली जात होती त्या गावांच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. खरी कारणं अधिक रचनेतली आहेत. ख्रिस्ती धर्मकथेत ज्यू हा ख्रिस्ताला नाकारणारा म्हणून आवश्यक पात्र आहे, कोकणातल्या गावाच्या कुठल्याच कथेत ज्यू नव्हता. वेगळं जेवण, वेगळं लग्न, वेगळा सुटीचा वार हे जातींच्या गावात नवल नव्हतं, प्रत्येकाचं तसंच होतं. आणि सावकारीची जागा दुसऱ्यांकडे होती, म्हणून सुप्याचा राग मारवाड्यांवर निघाला. स्ट्रासबर्गमध्ये पाहिलेल्या तिन्ही गोष्टी इथे एकत्र जुळून आल्या नाहीत.

मग गोव्यात इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायासनाने) ज्यूंना का छळलं?

कारण तिथे प्रतिमा जहाजातून आली. पोर्तुगालने १४९७ मध्ये ज्यूंचं सक्तीने धर्मांतर केलं आणि पुढे त्या ‘नवख्रिश्चनां’वरच संशय धरला. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं. गार्सिया द ओर्ता या वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी ज्यू म्हणून जाळलं. १५८० मध्ये खुद्द ओर्तांची हाडं उकरून जाळली. याच न्यायासनाने पुढे स्थानिक धर्मांतरितांना फार मोठ्या संख्येने गाठलं. किनारा एकच, शतकही एकच, पण गोव्यात त्या द्वेषाची संस्था होती आणि अलिबागच्या बाजूच्या खेड्यांत ती नव्हती.

ज्यूद्वेष आणि जातिव्यवस्था यांची तुलना करता येते का?

मॅक्स वेबर यांनी केली. जातिव्यवस्था नसलेल्या जगात जातीसारखे वेगळे राहणारे लोक, असं त्यांनी ज्यूंना म्हटलं. बहिष्कार, विटाळाची भीती, वेगळी वस्ती ही साम्यं खरी आहेत. फरक मोठा आहे. जातिव्यवस्थेला दलितांचे श्रम हवे असतात आणि ते खालीच राहावेत अशी तिची धडपड असते. ज्यूद्वेष ज्यूंना गुप्त सत्ताधीश मानतो आणि त्याच्या टोकाच्या रूपात त्यांचा समूळ नाश मागतो. वेबर यांनी हे साम्य जितकं ताणलं तितकं ते ताणलं जात नाही, असं माझं मत आहे.

इस्रायलवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष का?

सरकारच्या धोरणावरची टीका ज्यूद्वेष नव्हे. सीमारेषा कुठे, यावर अभ्यासकांत जोरदार वाद आहे. २०१६ मध्ये मान्य झालेली आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची व्याख्या आणि २०२१ चा जेरुसलेम जाहीरनामा हे त्या वादाचे दोन ध्रुव. समाजशास्त्रीय कसोटी मला उपयोगी वाटते: टीकेत जुन्या प्रतिमा आल्या का? मुलांचं रक्त, जगाला वेढणारा ऑक्टोपस, पैशाने विकत घेतलेली सरकारं? आणि लंडनमधल्या ज्यू दुकानदाराला जेरुसलेमच्या निर्णयासाठी जबाबदार धरलं जातं का?

लोक सर्वेक्षणात खरं सांगतात का?

बऱ्याचदा नाही. १९४५ नंतर पश्चिम जर्मनीत उघड ज्यूद्वेष निषिद्ध झाला, पण घरात टिकला. वेर्नर बेर्गमान आणि राइनर एर्ब यांनी या दबलेल्या अवस्थेचा अभ्यास केला. आता विधान बदललेलं असतं: ‘ज्यू आम्हाला जुन्या गोष्टींची सारखी आठवण का करून देतात?’ अपराधाची आठवण नको म्हणून बळींवरच राग धरला जातो. म्हणून नीट सर्वेक्षणात असले आडवळणाचे प्रश्नही असतात.

आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र फुटपाथवर विकलं जातं. तो ज्यूद्वेष आहे का?

बहुतेक वाचकांच्या बाबतीत नाही. त्यांना कणखर नेता हवा असतो, आणि ज्यूंवरची पानं ते नजरेआड करतात. नॉर्टहाइमचे मतदारही तसेच होते. काळजीची गोष्ट दुसरी आहे. ज्यू घराणी जगातल्या बँका चालवतात, साथी आणि युद्धं तेच घडवतात, असे संदेश आता मराठीतही फिरतात. त्यांचा मूळ स्रोत बहुतेकदा ‘झायनच्या वडीलधाऱ्यांचे इतिवृत्त’ या बनावट दस्तऐवजापर्यंत पोहोचतो. तो १९०३ मध्ये रशियातल्या एका वृत्तपत्रात छापला गेला आणि त्यातला मोठा भाग १८६४ च्या एका फ्रेंच राजकीय उपहासग्रंथावरून उचललेला असल्याचं लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९२१ मध्ये परिच्छेद शेजारी शेजारी छापून दाखवलं. मूळ फ्रेंच ग्रंथात ज्यूंचा विषयच नव्हता, तो तिसऱ्या नेपोलियनविरुद्ध लिहिलेला होता.